निकाल ठरलेलं मतदान

४ जुलै २०२४ ला ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मी मत दिलं, तेही भारतीय पासपोर्ट दाखवून. इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे, हे गावाकडे सांगितलं तर कोणाला पटत नाही. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, पंचायत समितीतून निवृत्त झालेले. फोनवर म्हणाले, "अगं, तू तिथली नागरिक नाहीस आणि तिथलं सरकार निवडतेस? आमच्याकडे यादीतून नाव गळालं तर माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवतो." ओळखपत्राशिवाय मत नाही, हा नियम सार्वत्रिक निवडणुकीला पहिल्यांदाच लागला होता, म्हणून तो पासपोर्ट. बाकी काय, तर दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने एक फुली. शाई नाही, यंत्र नाही.

निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. ६५० पैकी ४११ जागा मजूर पक्षाला, हुजूर पक्ष १२१ वर, चौदा वर्षांची सत्ता संपली. आमच्या मतदारसंघातही मजूर पक्षाचेच खासदार निवडून आले. मला नव्या सरकारकडून हवी होती एकच गोष्ट, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

शनिवारी सकाळी मी आमच्या भागातल्या फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्नधान्य देणाऱ्या केंद्रात जाते. डबे-पाकिटं लावायचं काम तरुण मुलं करतात, मी कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन सरकारी अर्ज भरून द्यायला बसते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी मदत इथे 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाने येते. तिच्यात मुलांसाठी वेगळी रक्कम असते, पण तेव्हा ती पहिल्या दोन मुलांपुरतीच होती. ६ एप्रिल २०१७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलाला शून्य. २०२४ साली ती रक्कम महिन्याला साधारण २८८ पौंड होती. घरात नोकरी आहे की नाही याच्याशी या मर्यादेचा संबंध नव्हता. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या कितीतरी बायका सकाळी ऑफिसं झाडून, पुसून आलेल्या असतात. देशभरात या मर्यादेचा फटका बसलेल्या घरांत सुमारे सोळा लाख मुलं होती.

या नियमाला काही अपवाद होते. त्यातला एक बलात्कारातून जन्मलेल्या मुलाचा. त्यासाठी वेगळा फॉर्म, आणि त्यावर डॉक्टर किंवा समाजसेविका अशा कोणाचा तरी दुजोरा. एकदा एका बाईंनी तो फॉर्म माझ्यासमोर उघडला, वाचला, लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने मिटलं आणि विचारलं, "पास्ता शिल्लक आहे का?" त्या दिवसापासून हा नियम काढून टाका, एवढंच माझं म्हणणं. मजूर पक्ष विरोधात असताना त्यांचे पुष्कळ खासदार तेच म्हणत होते. निवडणूक जवळ आली तशी भाषा बदलली. पैसे नाहीत, परवडेल तेव्हा बघू.

१७ जुलैला राजाचं भाषण झालं. आपल्याकडे राष्ट्रपती किंवा राज्यपाल अभिभाषण करतात त्याचा हा मूळपुरुष. लिहितं सरकार, वाचतो राजा, 'माझं सरकार' म्हणत. त्याआधीचा थाट मी ऑफिसात जेवणाच्या डब्याआड मोबाइल ठेवून बघितला. १६०५ च्या, संसद उडवून देण्याच्या दारूगोळ्याच्या कटापासून चालत आलेली तळघरांची झडती होते. राजा सुखरूप परत येईपर्यंत एक खासदार राजवाड्यात 'ओलीस' ठेवला जातो. राजाचा निरोप घेऊन 'ब्लॅक रॉड' नावाचा अधिकारी कॉमन्सकडे जातो तेव्हा त्याच्या तोंडावर दार आपटून बंद करतात आणि काठीने तीन वेळा ठोठावल्यावरच उघडतात. लोकप्रतिनिधींचं सभागृह राजाच्या हुकमाचं ताबेदार नाही, हे दाखवायला. अण्णांना हा प्रकार फार आवडला. "आपल्याकडे राज्यपालांच्या तोंडावर घोषणा देतात, दार कोणी आपटत नाही," म्हणाले. २०२२ च्या मार्चमध्ये कोश्यारींनी मुंबईत घोषणाबाजीमुळे अभिभाषण अर्धवट टाकून सभागृह सोडलं होतं, त्याची त्यांना आठवण झाली असावी.

भाषणात चाळीसच्या आसपास विधेयकं होती. रेल्वे सरकारी मालकीची करणं, भाडेकरूंना विनाकारण घराबाहेर काढण्यावर बंदी, कामगारांचे हक्क, लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात वारसाहक्काने बसणाऱ्या सरदारांची हकालपट्टी. यातलं बरंच मला मनापासून पटणारं. दोन मुलांच्या मर्यादेबद्दल अवाक्षर नव्हतं. त्याच दिवशी बालदारिद्र्यावर विचार करायला मंत्र्यांचा एक गट मात्र जाहीर झाला. समिती नेमली की काय समजायचं, ते महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको.

मी खासदारांना ईमेल लिहिला. इथे एक शिस्त आहे. पत्राखाली स्वतःचा पूर्ण पत्ता आणि पिनकोड लिहायचा. आपल्याच मतदारसंघातलं माणूस आहे याची खात्री पटल्यावर ते उत्तर देणं लागतात, नसेल तर नम्र नकार. मी लांबण लावली नाही. टेबलावर काय बघते ते आठ-दहा ओळींत लिहिलं आणि शेवटी विचारलं, मतदान झालं तर तुम्ही काय करणार? पोच लगेच आली, उत्तर नाही.

मतदान होणार हे तोवर नक्की झालं होतं, आणि ते कसं होतं हे मला त्याच आठवड्यात नीट कळलं. राजाच्या भाषणावर कॉमन्समध्ये आभाराचा ठराव येतो. त्यावर काही दिवस चर्चा होते, रोज वेगळा विषय वाटून. विरोधकांना हा ठराव थेट फेटाळा म्हणायची गरज नसते. ते त्याच्या शेपटीला एक वाक्य जोडतात: आभारी आहोत, परंतु भाषणात अमुक गोष्ट नाही याचा आम्हाला खेद वाटतो. ही दुरुस्ती. दुरुस्त्या ढिगाने येतात, त्यांतल्या कोणत्या मतदानाला घ्यायच्या ते सभापती ठरवतात. दोन मुलांच्या मर्यादेवर मजूर पक्षातल्याच काही खासदारांनी एक दुरुस्ती दिली होती, आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीने दुसरी. सभापती लिंडसे हॉइल यांनी स्कॉटिश पक्षाची निवडली.

माझ्या मते खेळ तिथेच अर्धा संपला. स्वपक्षातल्या सहकाऱ्याच्या कागदावर सही करणं वेगळं, आणि ज्या पक्षाला नुकतंच ४८ वरून ९ जागांवर आणून ठेवलं त्याच्या मागे रांगेत उभं राहणं वेगळं. प्रतोदांना आयतंच सांगायला मिळालं: हा मुलांचा प्रश्न नाही, विरोधकांचा डाव आहे. सभापतींनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. विरोधी पक्षांना संधी देण्याचीच प्रथा आहे. पण परिणाम व्हायचा तो झाला.

अण्णांचा प्रश्न सरळ होता. "सरकार पडेल का?"

शंभर वर्षांपूर्वी पडलं होतं, मी म्हटलं. जानेवारी १९२४ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांचं हुजूर सरकार याच आभाराच्या ठरावावरच्या दुरुस्तीत ७२ मतांनी हरलं, आणि रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाचं पहिलंवहिलं सरकार आलं. मजूर पक्षाचा जन्मच, सत्तेतला, या दुरुस्तीतून झालेला. आता मात्र त्यांच्याकडे ४११ आहेत.

"मग रजा टाकून जातेस कशाला? निकाल ठरलेलाच आहे."

याला त्या दिवशी माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. बघायचंय, एवढंच म्हणाले.

२३ जुलै, मंगळवार. प्रेक्षक गॅलरीत जायला ओळखदेख, चिठ्ठीचपाटी काही लागत नाही. क्रॉमवेलचा पुतळा आहे त्या बाजूच्या फाटकापाशी रांगेत उभं राहायचं. विमानतळासारखी तपासणी, गळ्यात फोटोचा पास, मग वेस्टमिन्स्टर हॉल. १०९७ सालची ही वास्तू, वर अजस्र लाकडी छत. पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालला तो इथेच. तिथून पुढे मधल्या चौकात, पुढे जिना. दारावरच्या माणसाने मोबाइल काढून घेतला, बदल्यात बिल्ला दिला, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, पुढे वाकायचं नाही.

पहिली गोष्ट जाणवते ती सभागृहाचं लहानपण. टीव्हीवर प्रचंड वाटतं. प्रत्यक्षात ६५० खासदारांना बसायला ४२७ जागा. उरलेले दारापाशी दाटीवाटीने उभे, काही पायऱ्यांवर. गॅलरीच्या पुढे जाड काच आहे, त्यामुळे खालचा आवाज थेट येत नाही, बाकाच्या पाठीत बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून येतो. समोर माणूस बोलताना दिसतो आणि आवाज आपल्या मानेमागून येतो. सवय व्हायला वेळ लागला.

त्या दिवशीच्या चर्चेचा विषय होता स्थलांतर आणि गृहखातं. मुलांच्या मदतीचा विषय आदल्या दिवशी, अर्थकारण आणि कल्याणकारी योजनांच्या चर्चेत बोलून झाला होता. म्हणजे बोलायचं सोमवारी, मत द्यायचं मंगळवारी, आणि मधल्या वेळात भलतंच काहीतरी ऐकायचं. ज्यांना मतदानाची चिंता होती ते खासदार बाकावर बसल्याबसल्या एकमेकांच्या कानाला लागले होते. एका बाकावरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसायची, दोन मिनिटं कुजबुज, परत उठायची. वरून बघताना वाटलं, लग्नघरात मानपानाचा घोळ मिटवायला फिरणाऱ्या आत्याबाईच जणू. ती प्रतोदांपैकी होती की नाही, कोण जाणे.

पण त्या दुपारी मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते नव्या खासदारांनी. या वेळी ३३५ जण पहिल्यांदा निवडून आलेले, म्हणजे अर्ध्याहून जास्त सभागृह नवखं. पहिल्या भाषणाची इथे ठरलेली रीत आहे. आधी आपल्या जागेवरच्या माजी खासदाराबद्दल चार चांगले शब्द बोलायचे, तो विरोधी पक्षाचा असला आणि आपणच त्याला पाडलेलं असलं तरी. मग आपल्या गावाचं गुणगान. त्या वेळात कोणी मध्ये तोंड घालत नाही. एकामागून एक माणसं उठत होती, हातातला कागद थरथरत होता, आणि आपल्या गावाचा फुटबॉल क्लब, बंद पडलेली खाण, समुद्रकिनारा, कारखाना यांबद्दल बोलत होती. संधी मिळावी म्हणून प्रत्येक भाषण संपलं की वीसपंचवीस जण ताडकन उभे राहायचे आणि सभापतींनी एकाचं नाव घेतलं की बाकीचे मुकाट खाली. हे तासन् तास. विधानसभेत पराभूत माणसाबद्दल त्याच्या जागेवर आलेल्याने असं बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही. खोटं का असेना, बरं वाटतं कानाला.

संध्याकाळी मतदान सुरू झालं. सभापती प्रस्ताव वाचतात, एका बाजूने 'आय'चा गजर, दुसऱ्या बाजूने 'नो'चा. इथवर आपल्यासारखंच. कोणी मागे हटत नाही म्हटल्यावर सभापती ओरडतात, मतविभागणी, लॉबी रिकामी करा. मग घंटा. इमारतभर, आसपासच्या ऑफिसांत, म्हणे जवळच्या काही पबमध्येसुद्धा ती वाजते. आठ मिनिटं. तेवढ्यात जो जिथे असेल त्याने धावत यायचं, कारण आठ मिनिटांनी दारं बंद होतात आणि बाहेर राहिला तो राहिला.

बटण नाही, हात वर करणं नाही. होकाराची एक लॉबी, सभापतींच्या उजव्या हाताला. नकाराची डाव्या हाताला. प्रत्येकाने आपल्या पायांनी चालत एका दारातून आत जायचं. पंतप्रधानांनीसुद्धा. हे मी वाचलेलं होतं, तरी बघणं निराळं. कारण वरून सगळं दिसतं. कोण कोणाशी बोलत चाललंय, कोण मान खाली घालून, कोण शेवटच्या मिनिटापर्यंत बाकावर बसून आहे.

स्कॉटिश पक्षाच्या दुरुस्तीच्या वेळी हुजूर पक्षाचे लोक जागचे हललेच नाहीत, काही सरळ बाहेर गेले. मूळ नियम त्यांनीच आणलेला, आणि आता मतदानात भागच घ्यायचा नाही, मजूर पक्षाचं घरचं भांडण बघत बसायचं. मला त्यांचा राग आला, सरकारपेक्षाही जास्त.

आमचे खासदार मला दिसले. निळा सूट, हातात घडी केलेला कागद. शेजारच्याच्या काहीतरी बोलण्यावर हसले आणि नकाराच्या दाराने गेले. त्यांना शिव्या द्याव्यात असं मला वाटलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी निवडून आलेला माणूस, पहिलं-दुसरं मतदान, प्रतोद दारात उभा. पण माझ्या ईमेलचं उत्तर मला मिळालं होतं.

थोड्या वेळाने चार गणक समोर रांगेत उभे राहून वाकले आणि आकडा वाचला. होकार १०३, नकार ३६३. इतर दोन पक्षांच्या दुरुस्त्याही त्या संध्याकाळी पडल्या आणि मूळ ठराव मंजूर झाला.

त्या १०३ मध्ये लिबरल डेमोक्रॅट, स्कॉटिश, वेल्श, ग्रीन, अपक्ष असे सगळे होते आणि सात जण सत्ताधारी मजूर पक्षाचे. जॉन मॅकडोनल, रिचर्ड बर्गन, इयन बर्न, रिबेका लाँग-बेली, इम्रान हुसेन, अप्साना बेगम, झारा सुलताना. बिल्ला देऊन मोबाइल परत घेतला, बसस्टॉपवर येईस्तोवर बातमी आलीच: सातही जण संसदीय पक्षातून सहा महिन्यांसाठी निलंबित. बहुमत पावणेदोनशेच्या घरात आणि बंडखोर सात. एवढ्यांना सोडून दिलं असतं तर काय बिघडणार होतं? पण पहिल्याच परीक्षेत दम द्यायचा, म्हणजे पुढे कोणी हलणार नाही, हा हिशेब उघड होता.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी पहाटेच फोन केला. "सातांची खासदारकी गेली?"

"नाही अण्णा. पक्षाच्या बैठकीला बसता येणार नाही. खासदार आहेतच, अपक्षासारखे बसतील."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला की सदस्यत्वच धोक्यात. त्यामुळे बंड करायचं तर सात जणांनी करून भागत नाही, दोन-तृतीयांश फोडावे लागतात, नाहीतर शिवसेनेच्या फुटीत झालं तसं, व्हिप कोणाचा खरा, गोगावल्यांचा की प्रभूंचा, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. अण्णा म्हणाले, "म्हणजे तिकडे एकटा माणूस उठू शकतो." मी म्हटलं, उठू शकतो, पण उठले सातच. आणखी चाळीसेक मजूर खासदारांचं मतच नोंदलेलं नव्हतं. त्यांतले किती परवानगीने गैरहजर आणि किती पोटात दुखून, ते यादी सांगत नाही.

यादी हीच ती गोष्ट, ज्यासाठी मी गेले होते असं आता म्हणेन. संसदेच्या संकेतस्थळावर ती सगळ्यांना बघायला मिळते. नाव, पक्ष, होकार की नकार. अगदी त्याच महिन्यात, २ जुलैला, दिल्लीत लोकसभेने राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचा आभाराचा ठराव संमत केला, आवाजी मतदानाने. २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईत फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला, तोही आवाजी. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती, मतविभागणीची मागणी झाली, गदारोळ झाला. पण कोणत्या आमदाराने काय केलं याची नोंद कुठेच नाही. आवाजाला नाव नसतं. निकाल दोन्हीकडे ठरलेलाच होता. पण एकीकडे ३६३ माणसांना आपल्या पायांनी त्या दारातून जावं लागलं, आणि दुसरीकडे गलका होऊन सगळे चहाला मोकळे.

खासदारांचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. सरकार गंभीर आहे, तिजोरी रिकामी मिळाली, मंत्रिगट काम करतोय. मतदानाचा उल्लेख नाही. सातांपैकी चौघांना फेब्रुवारी २०२५ मध्ये पक्षाने परत घेतलं. सुलतानांनी जुलैत पक्षच सोडला. मग २६ नोव्हेंबर २०२५ ला अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी अर्थसंकल्पात जाहीर केलं की दोन मुलांची मर्यादा एप्रिल २०२६ पासून रद्द. ज्या मागणीसाठी सात जणांना बाहेर काढलं, तीच मागणी, तेच सरकार, सव्वा वर्षाने.

आठवड्याभरात आमच्या खासदारांचं वार्तापत्र ईमेलमध्ये आलं. वर फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, हा क्रूर नियम जाण्यासाठी आपण सुरुवातीपासून झटत होतो, अशा अर्थाचा मजकूर. मी उत्तरात फार लिहिलं नाही. २३ जुलै २०२४ च्या मतविभागणीचा दुवा चिकटवला, खाली माझा पूर्ण पत्ता आणि पिनकोड. पोच लगेच आली.

त्या शनिवारी टेबलावर तीन पोरांची एक आई बसली होती. तिने बातमी ऐकलेली होती, पण तिचा प्रश्न वेगळा होता. एप्रिलपासून म्हणजे मधल्या डिसेंबर ते मार्चचे मिळणार का? नाही, मी सांगितलं. मग तिने हीटरच्या बिलाचा कागद पुढे सरकवला आणि आम्ही कौन्सिलच्या मदतनिधीचा अर्ज उघडला.